खडे टाकणाऱ्या शकूताई

मी नांदेडात बी.ए. झाले, आणि त्याचा सगळ्यांत जास्त त्रास कुणाला झाला असेल तर तो लातूरच्या मोतीशेठ किराणावाल्याला. हसू नका, खरंच सांगते. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा माझ्याकडे दोन ट्रंका, एक शिलाई मशीन आणि जगाला सुधारायची दांडगी हौस एवढाच ऐवज होता. ट्रंका आणि मशीन पुढे उपयोगी पडले. हौसेने मात्र एका भल्या माणसाची भर दुकानात अब्रू काढली.

झालं असं. आमच्या गल्लीत लीलाबाई राहायच्या. त्यांचे यजमान दवाखान्यात कंपाउंडर होते, ते धडधाकट असताना एकाएकी गेले. तेरावा झाला, पंगत उठली, पाहुणे आपापल्या गाड्यांना लागले. त्यानंतर दोनतीन दिवसांनी शेजारच्या शकूताईंनी मला हाक मारली. शकूताई मुलींच्या शाळेत पी.टी.च्या बाई. त्यांच्या साध्या हाकेनेही माणूस हातातलं काम टाकून ताठ उभं राहायचं.

"मालू, ही पिशवी लीलीच्या घरी नेऊन ठेव. मी आलेच मागनं."

पिशवीत तुरीची डाळ होती. दुसऱ्याच्या पिशवीत डोकावू नये हे मला बी.ए.ला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी डोकावले. डाळीत खडे! एखादा चुकार खडा कुठेही निघतो, पण इथे मूठभर डाळ हातात घेतली तर पाच-सहा खडे. काळे, तांबडे, एक तर चक्क विटेचा तुकडा. लातूर म्हणजे तुरीच्या डाळीचं गाव. डाळमिलच्या रस्त्याने चाललं की पदरालासुद्धा तुरीच्या भुशाचा वास लागायचा. अशा गावात, नुकतं कुंकू पुसलेल्या बाईच्या घरी, ही डाळ? पिशवी मोतीशेठच्या दुकानातून आणलेली मी सकाळीच पाहिली होती. मी तशीच वळले, त्याच्या दुकानात गेले आणि अख्खी पिशवी त्याच्या गादीसमोर उपडी केली.

"शेठ, माणूस गेलेल्या घरालाही तुम्ही सोडत नाही? याला नैतिक अधःपतन म्हणतात!"

हा शब्द वापरायची संधी मी परीक्षेपासून शोधत होते.

मोतीशेठने डाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात साबण घेत उभ्या असलेल्या एका बाईकडे पाहिलं आणि हात जोडले. "चूक झाली वहिनी. बदलून देतो." त्याने मोत्यासारखी स्वच्छ डाळ पिशवीत भरून दिली. दुकानातली माणसं माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, कौतुकाने बघताहेत.

लीलाबाईंच्या घरी पोचले तोवर शकूताई येऊन बसल्या होत्या. समोर सूप. लीलाबाई भिंतीला टेकून, नजर कुठेच नाही. शकूताईंनी पिशवी सुपात ओतली, हात फिरवला, परत फिरवला. मग हळूच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मालू, खडे कुठं गेले?"

"त्याच्या तोंडावर मारून आले," मी छाती फुगवून म्हणाले.

शकूताईंनी कपाळाला हात लावला. मग उठल्या, मला दंडाला धरून दाराबाहेर नेलं आणि कानात म्हणाल्या, "समोर बांधकाम चालू हाय. तिथनं बारीक खडी आण, बचकभर. पदरात झाकून आण. आणि एक शब्द बोलू नको."

मला वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. पण पी.टी.च्या बाईंनी सांगितल्यावर माणूस धावतोच. मी खडी आणली. त्यांनी पाठ वळवून ती डाळीत मिसळली, सूप लीलाबाईंच्या मांडीजवळ सरकवलं आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, "लीले, माझे डोळे गेले बघ. एवढं जरा निवडून दे. मला खडा बी दिसंना आन् दाळ बी दिसंना."

लीलाबाईंनी सुपाकडे पाहिलं. मग त्यांचा हात सुपात गेला. एक खडा काढला, दुसरा काढला. हात चालायला लागला. बऱ्याच वेळाने, सुपातून मान न काढता त्या म्हणाल्या, "दाताखाली खडा आला की ताट सारायचे. म्हणायचे, तू मला मारणार एक दिवस." आणि मग रडल्या. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असताना त्यांचा आवाज फुटला नव्हता, हे मला नंतर कळलं. रडता रडता त्यांचे हात चालूच होते. रडून झाल्यावर शकूताईंनी त्याच डाळीचं वरण केलं आणि आम्हा तिघींना वाढलं. शकूताईंचं वरण हा एक वेगळा दुखवटा होता. मीठ बघून टाकायचं असतं ही गोष्ट त्यांना कधी पटलीच नाही.

परतताना त्यांनी मला समजावून सांगितलं. खडे त्यांचे होते. त्याच टाकायच्या. डाळ आणायची चांगली, निवडलेली, मोतीशेठची. आणि घरी बसून तिच्यात खडे मिसळायचे.

"आधी मोतीशेठकडं चल," त्या म्हणाल्या. "पाया पड त्याच्या."

मी पाया पडले. मोतीशेठ लाजून पाय ओढून घ्यायला लागला. "वहिनी, तुम्ही ओरडत होता तेव्हाच मला समजलं होतं हे खडे कुणाचे ते," तो म्हणाला. "पण दुकानात लीलाबाईंची जाऊ उभी होती. तिच्यासमोर कसं सांगू? मग ताईंचं काम बिघडलं असतं ना."

तेव्हा मला एवढंच कळलं की या गावात माझ्यापेक्षा शहाणी माणसं बरीच आहेत. त्यांच्यातल्या एका बाईच्या शेजारी मी पुढची अडतीसेक वर्षं राहिले.

शकूताई मूळच्या कंधारकडच्या, शेतकऱ्याघरच्या. शहरात नोकरी करून, शिकून सवरूनही त्यांनी आपली बोली बदलली नाही. शाळेत हेडमास्तरांनी एकदा "बाई, प्रमाण भाषेत बोला" असं सुचवलं, तर म्हणाल्या, "पोरी माझ्या शिट्टीवर पळतात, भाषेवर न्हाई." ठेंगण्या, रुंद, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. निवृत्त झाल्यावरही तेच बूट. शिट्टी दाराच्या खिळ्याला टांगलेली असायची आणि गच्चीवर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या अण्णांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, जेवायला बोलावण्यासाठी ती वाजायची. एक शिट्टी चहा, दोन शिट्ट्या जेवण. अण्णा इतके अबोल की त्यांनी उत्तर दिलेलं मी फारसं ऐकलं नाही. ते जिना उतरून यायचे, हेच उत्तर.

त्या आगाऊ होत्या. कुणाच्या घरी गेल्या की आधी भांडी कुठे ठेवली आहेत ते बदलायच्या. पत्त्यांत रड्या. सुनांची बाजू घ्यायच्या, मग सासवांचीही घ्यायच्या, दोघींना एकमेकींचं सांगायच्या आणि वर "मी काय बोलले?" म्हणायच्या. देवळात गेल्या तर देवालाही उभं राहून 'विश्राम' म्हणतील अशी अण्णांना भीती वाटायची. असली माणसं दुःखाच्या घरात नकोशी वाटावीत. पण आमच्या गल्लीत कुणाचं काही झालं की लोक आधी डॉक्टरला, मग भटजींना आणि तेरावा झाल्यावर शकूताईंना बोलवायचे. बोलवले नाही तरी त्या जायच्याच.

तेराव्याच्या आधी त्या कधी जायच्या नाहीत. स्मशानातून माणसं आली की तोंड दाखवून यायचं, पिठलं-भाकरी पाठवायची, बस. मी विचारलं तर म्हणाल्या, "तेरा दिस घर गजबजलेलं असतंय. एक चहा करतंय, एक रडतंय, एक म्हणतंय पंगतीला जिलेबी का बुंदी. त्या बाईला कुणी पाण्याचा तांब्या बी उचलू देत न्हाई. चौदाव्या दिशी सगळे जातात आन् तिच्या हातात कायच राहत न्हाई. तवा जायचं."

दुखवट्याला बसलेल्या लोकांची ठरलेली वाक्यं त्यांना सहन व्हायची नाहीत. एकजण म्हणाला, "सगळं देवाच्या हातात असतं." शकूताई म्हणाल्या, "मग तुम्ही कामून आलात?" कुणी रडणाऱ्या बाईला "धीर धर" म्हणालं की या विचारायच्या, "कुठं धरू? दाव तिला जागा." त्यांच्या स्वतःच्या तोंडून मी सांत्वनाचं एकही वाक्य ऐकलेलं नाही. हातात पिशवी, तोंडात खोटी तक्रार: डोळे गेले, पाठ धरली, पाहुणे येणार आहेत, एवढं निवडून दे.

सगळीकडे हे गोड गोड जमायचं असं समजू नका. मागच्या गल्लीत एक वकीलसाहेब होते. बायको आधीच गेलेली, तरुण मुलगा आजारात गेला. मोठं घर, त्यात ते एकटे. शकूताई सूप घेऊन गेल्या, मी मागे. आता मी त्यांच्याबरोबर जायला लागले होते. एकतर पापाचं प्रायश्चित्त म्हणून आणि दुसरं म्हणजे घरात सासूबाई होत्या. वकीलसाहेबांनी सुपाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"मी काय तुमच्या घरचा गडी आहे? माझा मुलगा गेलाय आणि तुम्ही मला डाळ निवडायला सांगता?" आणि त्यांनी सूप उडवलं. डाळ बैठकीभर झाली. पुस्तकांच्या कपाटाखाली, सोफ्याखाली, माझ्या पायांवर.

मी दाराकडे सरकले. शकूताई खाली बसल्या. अगदी सावकाश, बुटांसकट मांडी घालून. म्हणाल्या, "बरं झालं. सुपात असती तर तासाभरात झाली असती. आता दिवेलागण होईल."

आणि एकेक दाणा वेचायला लागल्या. वकीलसाहेब पाठ करून खिडकीशी उभे राहिले. खोलीत फक्त दाणे सुपात पडण्याचा आवाज. मी पण बसले, कारण उभं राहायची भीती वाटत होती. बऱ्याच वेळाने खिडकीकडून आवाज आला, "सोफ्याखाली पण गेलीय."

"माझी कंबर न्हाई वाकत," शकूताई म्हणाल्या. शुद्ध थाप. त्या रोज सकाळी गच्चीवर पायाचे अंगठे धरायच्या.

वकीलसाहेब आले, काठीने सोफ्याखालची डाळ ओढायला लागले, मग काठी ठेवून गुडघ्यांवर बसले. आम्ही निघालो तेव्हा दारापर्यंत आले आणि म्हणाले, "उद्या मूग आणा. तुरीतला खडा दिसत नाही मला."

आठ दिवस मूग. त्या मुगाची आम्ही दोन्ही घरी खिचडी खाल्ली. त्यानंतर वकीलसाहेब स्वतःच गल्लीतल्या मुलांना इंग्रजी शिकवायला लागले. शकूताईंनी त्याचं श्रेय कधी घेतलं नाही. म्हणायच्या, "मी काय केलं? मुगाचे पैसे बी त्यांनीच दिले."

पण एका घरी हरल्या. एक तरुण बाई होती, नवरा गेलेला. तिने दारच उघडलं नाही. शकूताई रोज जायच्या, पायरीवर बसायच्या, कडी वाजवायच्या, परत यायच्या. शेवटी तिचे भाऊ येऊन तिला घेऊन गेले. त्या दिवशी शकूताई आमच्या ओट्यावर बूट न काढता बसून राहिल्या. मी चहा दिला. त्या म्हणाल्या, "समद्यांना न्हाई जमत मालू. मला बी न्हाई जमलं असतं, रशिदा आली नसती तर."

तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मीराबद्दल सांगितलं. मीरा त्यांची एकुलती मुलगी. कॉलेजात होती, तापाने गेली. मी लातूरला यायच्या आधीची गोष्ट. घरात तिचा एकच फोटो होता, आणि तो अण्णांच्या बाजूच्या भिंतीवर.

तेरावा झाला. सगळे गेले. शकूताई स्वयंपाकघरात पाटावर बसलेल्या. चूल थंड. अण्णा गच्चीवर. तेवढ्यात समोरच्या घरातली रशिदाबी आली. हातात परात, परातीत ढीगभर डाळ.

"अगे शकू, मेरा चष्मा फूट गया ना. कल घर में दावत है. इत्ती दाल चुनको दे, मेरेकू कुछ दिखताइच नै."

"मला इतका राग आला," शकूताई म्हणाल्या, "की वाटलं परात तिच्या डोक्यात घालावी. माझी पोर गेली आन् हिला दावतीचं पडलंय! बरं, तिचा चष्मा खराच फुटला होता गं. तिला काय डाव टाकायचा न्हवता. तिला खरंच दाळ निवडून पायजे होती. गल्लीतल्या दुसऱ्या बायांनी माझ्या घराकडं बघायचं सोडलं होतं, आमचं तोंड बघून काय बोलावं कळंना त्यांना. हिला कळायचं काय न्हवतंच. हिला दाळ पायजे."

"मग?"

"मग काय? निवडली. रागारागानं निवडली. खडा काढला की फेकायचे, असा भिंतीवर. रशिदा बसून बघत होती. म्हणाली, 'दीवार कू मत मार, मेरा रंग जाता.' भिंत तर माझी होती! तिथं मी हसले. मालू, पोर गेल्यावर मी पैल्यांदा हसले आन् मग मला इतकी लाज वाटली, इतकी लाज, की मी रडले. त्या दिशी मी झोपले."

रशिदाबी नंतर मुलाकडे उदगीरला गेल्या. मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण कधी कधी शकूताई एखाद्या घरातून परत आल्या की "रशिदा, झालं बघ आज" असं कुणाला तरी पुटपुटायच्या.

आता माझ्यावर वेळ आली त्याचं सांगते. थोडक्यात सांगते, कारण आमच्या यांच्याबद्दल सांगायला लागले तर हे लिखाण शेवटपर्यंत पोचणारच नाही.

आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. निवृत्त झाल्यावर घरातल्या नळाचं पाणी कधी येतं यावर देखरेख हेच त्यांचं काम होतं. एक दिवस पाणी यायच्या आधीच गेले. खुर्चीत बसल्या बसल्या.

तेराव्यापर्यंत मी फार छान वागले. सगळे म्हणत होते. मुलगा नांदेडहून आला होता, म्हणाला, आई, आता तू आमच्याकडे चल. मी म्हटलं, हो. नणंद म्हणाली, त्यांचे कपडे देऊन टाकू. मी म्हटलं, बरं. शेजारच्याने आमच्या भिंतीला लागून स्कूटर लावायला सुरुवात केली. यापूर्वी त्याची स्कूटर एक दिवस तिथे राहिली नसती. मी म्हटलं, लावू दे. "किती शांतपणे घेतलं मालतीबाईंनी," असं बायका बोलायच्या. माझ्या कानावर यायचं आणि मला काहीच वाटायचं नाही. बरं वाटायचं नाही, वाईटही वाटायचं नाही. सकाळी उठायचं, बसायचं, झोपायचं.

एकट्या शकूताईंना ते बघवेना. त्या अण्णांना म्हणाल्याचं मला नंतर कळलं, "मालू भांडेना झालीय. लई वाईट लक्षण हाय."

त्या चौदाव्या दिवशी आल्या. रिकाम्या हाताने. मी पाहिलं, पिशवी नाही, सूप नाही.

"खडे नाही आणले?" मी विचारलं.

"तुला काय करायचेत? तुला ठावं हायत ते कुठले ते."

खरंच होतं. पस्तीस वर्षं मी त्यांच्याबरोबर तो खेळ खेळले होते. आता माझ्यावर तो चालणार नव्हता. त्या रोज यायच्या, माझ्यासमोर बसायच्या, स्वतःच चहा करायच्या, तोही वरणासारखाच वाईट, आणि जायच्या. मला वाटलं, त्यांच्याकडचं औषध संपलं. त्यांनाही तसंच वाटत असावं. त्या पायरीवरून उतरताना जरा रेंगाळायच्या, जशा त्या तरुण बाईच्या बंद दारासमोर रेंगाळत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर तीच हार मला दिसत होती, आणि तिचंही मला काही वाटत नव्हतं.

मग एक दिवस दुपारी त्या आल्या तेव्हा हातात पिशवी होती, आणि दुसऱ्या हातात कागदाची पुडी.

"मालू, हे बघ. आता खरंच डोळे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणतोय लवकर काढा. परवा पलीकडच्या वस्तीत गेले तर दाळीत एवढी खडी पडली की ती बाई म्हणाली, ताई, तुम्ही बांधकामाची पिशवी आणलीत का." पुडी माझ्या हातात दिली. "कोपऱ्यावरच्या सुनंदाचा लेक गेलाय, कालच तेरावा झाला. दाळ आणलीय. तू टाक खडे. मला दिसंना."

मी पुडी उघडली. आत हरभऱ्याएवढी खडी.

"ही?" मी म्हणाले.

"हं."

"शकूताई, ही हरभऱ्याएवढी खडी तुम्ही तुरीच्या डाळीत टाकणार? सुनंदा आंधळी आहे का? हे सुपात हात न घालता दिसेल. डाळीच्या रंगाचे पाहिजेत. बारीक. काळे दोनचारच, म्हणजे सोप्पे सापडतात आणि माणूस सुरुवात करतं. एवढ्या वर्षांत तुम्हाला हे कळलं नाही?"

"मला काय कळायचं? मीच शोधून काढलं सगळं!"

"शोधून रशिदाबींनी काढलं. तुम्ही नुसते खडे वाढवत गेलात. आणि त्या वकीलसाहेबांकडे तुम्ही विटेचा तुकडा टाकला होता, मी पाहिला होता, तो तर..."

"तो लीलीकडचा होता!"

"वकीलसाहेबांकडचा!"

"लीलीकडचा म्हणते ना!"

आम्ही किती वेळ भांडलो देव जाणे. शेवटी मी चाळणी आणली, मागच्या अंगणातली माती चाळली, एक एक खडा बघून घेतला आणि डाळीत टाकला. बाहेर शेजाऱ्याने स्कूटर लावल्याचा आवाज आला. मी उठले, दारात गेले आणि ओरडले, "अहो, ती भिंत आमच्या यांनी रंगवलीय! उचला ती!" तो दचकला. मी पण दचकले. हे गेल्यापासून त्यांचा विषय मी एकदाही तोंडून काढला नव्हता. दारातच मला रडू फुटलं. शकूताई मागे बसून डाळीत हात फिरवत होत्या. फक्त एवढंच म्हणाल्या, "आता बरे पडले. एकसारखे."

मोतीबिंदूचं त्यांनी माझ्यासाठी रचलं होतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण पुढच्या महिन्यात ऑपरेशनला मीच त्यांच्यासोबत होते. डोळे खरेच गेले होते. एका डोळ्यावर पट्टी असताना त्यांनी मला दवाखान्यातल्या नर्सला पी.टी.ची कवायत शिकवायला लावली, ते वेगळं.

त्यानंतर अडीच-तीन वर्षं आम्ही दोघी जोडीने फिरलो. मी खडे टाकायची, त्या सूप घेऊन जायच्या. मला आता प्रत्येक घराचा अंदाज यायला लागला होता: इथे जास्त टाकावेत, इथे कमी, इथे टाकूच नयेत, नुसतं जाऊन शेंगा फोडत बसावं. काही घरी माझ्यावरच खडे पडले. एका बाईने तर "तुमचं मेलं नाही म्हणून तुम्हाला सुचतंय" असं म्हटलं आणि मी म्हटलं, "माझं मेलंय," आणि तिने माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघींनी मिळून सूपभर डाळ निवडली. त्या रात्री मी घरी येऊन एकटीने पोटभर जेवले.

मग माझे गुडघे बोलायला लागले. मुलाने ऐकलं नाही. नांदेडला यायचं ठरलं. मी नांदेडची लेक, आता नांदेडची सासू होऊन आले. शकूताई गेल्या वर्षी गेल्या. फोनवर बातमी कळली, मी लातूरला जाऊन आले. अण्णांना भेटले, त्यांनी मला चहा करून दिला आणि तो चांगला होता. पण माझ्या मनातली शेवटची भेट तेव्हाची नाही. ती मी लातूर सोडलं त्या दुपारची.

टेम्पो दारात उभा होता. माणसं सामान भरत होती. मी रिकाम्या घरात ट्रंकेवर बसले होते. शकूताई आल्या. मला वाटलं निरोप द्यायला आल्या. त्या म्हणाल्या, "माझी इडलीची भांडी तुझ्याकडं हायत. टेम्पोत गेली तर नांदेडला यावं लागंल मला." मी सामान उघडलं, भांडी शोधून दिली. मग त्या माझ्या शेजारी ट्रंकेवर बसल्या. ट्रंक दोघींना पुरत नव्हती, त्यामुळे आम्ही दोघी अर्ध्या हवेत होतो. पांढरे कॅनव्हासचे बूट जमिनीला टेकत नव्हते.

इतक्या वर्षांत मी जे कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं. "शकूताई, खरं सांगा. मीराचं कमी झालं का हो कधी?"

त्यांनी इडलीच्या भांड्याचं झाकण उघडून परत लावलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मी तुला खोटं कामून सांगू? आधी तिच्या वयाच्या पोरी दिसल्या की मी रस्ता बदलायचे. आता न्हाई बदलत. हाक मारते त्यांना, अभ्यास विचारते, रागावते. दुखतंच अजून. पण हाक मारते." मग त्यांनी इडलीची भांडी छातीशी धरली, उठल्या, पदर झटकला, आणि दारातून परत वळून मला म्हणाल्या, "आन् एक ऐक मालू. नांदेडला गेल्यावर सुनेशी भांडत जा जरा. लई गोड वागलीस तर तिला वाटंल, सासू कवाच मेली."